डोरोथी हॉजकिन: पेनिसिलीनचा आकार शोधणारी शास्त्रज्ञ

पिंपरीत 'एच. ए. कंपनी' कुठे आहे हे कोणीही सांगेल. हिंदुस्तान अँटिबायोटिक्स ही सरकारी मालकीची देशातली पहिली औषध कंपनी. जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफच्या मदतीने ती 1954 मध्ये उभी राहिली आणि 1955 पासून तिथे पेनिसिलीन बनू लागलं. चाकणला गाड्यांचे कारखाने यायला तेव्हा बराच अवकाश होता. या पेनिसिलीनचे अणू एकमेकांना नेमके कसे जोडलेले असतात, हे त्याआधी दहा वर्षं डोरोथी हॉजकिन यांनी शोधून काढलं होतं.

डोरोथी यांचा जन्म 12 मे 1910 चा, कैरोचा. शिक्षण मात्र इंग्लंडमध्ये झालं. शाळेत केमिस्ट्रीच्या वर्गात मुलगेच बसायचे. डोरोथी आणि आणखी एका मुलीला तिथे बसायची खास परवानगी मिळाली. पुढे ऑक्सफर्ड, मग केंब्रिजला जे. डी. बर्नाल यांच्याकडे संशोधन. 1934 मध्ये त्या ऑक्सफर्डला परतल्या. त्याच वर्षी, अवघ्या चोविसाव्या वर्षी, त्यांना संधिवात असल्याचं निदान झालं. बोटं वाकडी होत गेली, आणि काम तर मिठाच्या कणाएवढे क्रिस्टल हाताळण्याचं!

आता हे क्रिस्टलचं काय प्रकरण आहे ते बघू. अणू इतका लहान असतो की साध्या प्रकाशात तो दिसूच शकत नाही, मायक्रोस्कोप कितीही भारी असला तरी. एक्स-रेची लाट मात्र अणूंमधल्या अंतराएवढीच छोटी असते. क्रिस्टलमध्ये रेणू एकमेकांना धरून, कवायतीला उभ्या मुलांसारखे रांगेत बसलेले असतात. त्यावर एक्स-रे सोडले की फिल्मवर ठिपक्यांची नक्षी उमटते. या नक्षीवरून उलटा हिशेब करत रेणूचा आकार काढायचा.

पण एक मोठी अडचण आहे. ठिपका किती ठळक आहे ते फिल्मवर कळतं, पण लाट चढावर होती की उतारावर, ही माहिती हरवते. म्हणजे फोटोतली अर्धी माहिती डिलीट! यावर एक उपाय म्हणजे रचना तीच ठेवून एखादा जड अणू बदलायचा. पेनिसिलीनच्या पोटॅशियम आणि रुबिडियम क्षारांचे क्रिस्टल जवळपास एकसारखे बसतात. रुबिडियम जड, त्यामुळे ठिपक्यांची ठळकता बदलते आणि तो अणू कुठे बसलाय ते सापडतं. एकदा ते सापडलं की बाकीच्यांचा माग काढता येतो.

याच युक्तीत पुढे प्लॅटिनमही आलं. प्रोटीनच्या क्रिस्टलमध्ये पाण्याने भरलेल्या फटी असतात. प्लॅटिनमभोवती चार क्लोरीन असलेलं चपटं, चौकोनी संयुग पाण्यात विरघळवून त्यात क्रिस्टल बुडवला की ते फटींतून आत शिरतं आणि बऱ्याचदा प्रोटीनमधल्या गंधकाला जाऊन चिकटतं. प्लॅटिनममध्ये 78 इलेक्ट्रॉन, त्यामुळे एक्स-रेला ते अंधारातल्या टॉर्चसारखं उठून दिसतं. जगभरच्या लॅबमध्ये ही पद्धत खूप वापरली गेली.

पुन्हा पेनिसिलीनकडे येऊ. दुसरं महायुद्ध चालू होतं, जखमी सैनिकांसाठी औषध हवं होतं आणि रचना माहीत नसल्याने ते लॅबमध्ये कसं बनवायचं ते कळत नव्हतं. रॉबर्ट रॉबिन्सन यांच्यासारखे दिग्गज एक रचना मांडत होते. दुसऱ्या गटाचं म्हणणं होतं की मध्ये चार अणूंची छोटी कडी आहे. अशी कडी फार ताणलेली असते, म्हणून अनेकांना ते पटेना. डोरोथी, बार्बरा लो आणि चार्ल्स बन यांनी पंच कार्डच्या यंत्रांवर आकडेमोड केली, पारदर्शक प्लास्टिकच्या पट्ट्यांवर इलेक्ट्रॉनचे नकाशे काढून ते एकावर एक रचले. 1945 मध्ये उत्तर मिळालं: चार अणूंची कडी आहेच.

सगळी जादू या ताणात आहे. जंतू आपली भिंत बांधण्यासाठी जे एन्झाइम वापरतो, त्याला पेनिसिलीन नेहमीचा कच्चा माल वाटतो. ते जवळ आलं की कडी उघडते आणि एन्झाइमला कायमची चिकटते. भिंत अर्धवट राहते, जंतू फुटतो. आज डॉक्टर देतात त्या अमॉक्सिसिलिनमध्येही हीच कडी आहे. आणि अँटिबायोटिकला दाद न देणारे बरेच जंतू आधी हीच कडी तोडून टाकतात. म्हणून कोर्स मनाने सुरू करू नका.

युद्धकाळातलं हे काम गुप्त होतं, सविस्तर छापून यायला 1949 उजाडलं. त्यानंतर डोरोथी यांनी बी-12 या व्हिटॅमिनची रचना सोडवली आणि 1964 मध्ये त्यांना केमिस्ट्रीचं नोबेल मिळालं, तेही एकटीला. (मार्गारेट थॅचर ऑक्सफर्डमध्ये त्यांच्या विद्यार्थिनी होत्या. दोघींचं राजकारण मात्र अगदी उलट!)

इन्सुलिनचा पहिला एक्स-रे फोटो त्यांनी 1935 मध्ये घेतला होता. रचना सुटली 1969 मध्ये, म्हणजे 34 वर्षांनी. तोवर कॉम्प्युटर आले होते आणि डोरोथी यांचे हात पार वाकले होते. तरी फिरणं थांबलं नाही. 1993 मध्ये त्या व्हीलचेअरवरून बीजिंगला क्रिस्टल-शास्त्रज्ञांच्या जागतिक परिषदेला गेल्या. पुढच्या वर्षी, 29 जुलै 1994 रोजी, त्यांचं निधन झालं.