डॉ. भाऊ दाजी लाड आणि कडू कवठाचे तेल

मुंबईत भायखळ्याच्या वस्तुसंग्रहालयाला डॉ. भाऊ दाजी लाड यांचे नाव आहे. ते पेडणे तालुक्यातील मांद्रे गावचे, हे गोमंतकीय अभिमानाने सांगतात. जुन्या वनौषधींची पारख आधुनिक वैद्यकाच्या दृष्टीने करू पाहणाऱ्या आरंभीच्या भारतीय डॉक्टरांपैकी ते एक होते, ही त्यांच्या चरित्राची बाजू मात्र काहीशी मागे पडली आहे.

रामकृष्ण विठ्ठल लाड हे त्यांचे मूळ नाव. जन्म १८२२ चा. बालवयात बुद्धिबळातील त्यांची चमक पाहून एका इंग्रज गृहस्थाने या मुलाला इंग्रजी शिक्षण द्यावे, असे वडिलांना सुचविले. त्यामुळे मुंबई आणि एल्फिन्स्टन संस्थेची वाट खुली झाली. काठियावाड आणि कच्छमधील बालिकाहत्येवरील त्यांच्या निबंधाला पारितोषिक मिळाले. पुढे त्याच संस्थेत ते अध्यापकही झाले. १८४५ मध्ये ग्रँट मेडिकल कॉलेज सुरू झाले, तेव्हा त्यांनी वैद्यकाकडे मोर्चा वळविला. १८५१ मध्ये तेथून बाहेर पडलेल्या पदवीधरांच्या पहिल्या तुकडीत ते होते.

धाकटे बंधू डॉ. नारायण दाजी हेही डॉक्टर होते. त्यांच्या साथीने भाऊंनी गोरगरिबांसाठी धर्मार्थ दवाखाना चालविला. शिरीष शहराचे असो वा खेड्याचे, दारी आलेल्या रुग्णाला औषध मिळावे, हा त्यांचा बाणा होता. संस्कृतवर त्यांचे प्रभुत्व होते. जुनागढ आणि अजिंठा येथील शिलालेखांचा त्यांनी अभ्यास केला, कालिदासाच्या काळाविषयी लिहिले. त्याच डोळसपणे त्यांनी जुने वैद्यकग्रंथही वाचले. ग्रंथात ज्या वनस्पतींचे गुण वर्णिले आहेत, त्या रुग्णावर खरोखर गुणकारी ठरतात काय, हा त्यांचा प्रश्न होता.

त्या काळी महारोगी म्हणजे जिवंतपणीच समाजाने टाकलेला माणूस. सुश्रुतसंहितेत कुष्ठावर तुवरकाचे तेल सांगितले असून, हा वृक्ष पश्चिम समुद्राच्या भूमीत वाढतो असा निर्देश आहे. आपल्या सह्याद्रीत ओढ्याकाठी आढळणारा कडू कवठ, ज्याला खष्ट असेही म्हणतात, तोच हा तुवरक, असे अनेक अभ्यासक मानतात. त्याच्या टणक, गोल फळातील बियांचे तेल भाऊ दाजींनी कुष्ठरुग्णांसाठी वापरले. उपचाराचा बोलबाला झाला आणि दूरदूरचे रुग्ण त्यांच्याकडे येऊ लागले.

परंतु औषध नेमके कोणते, हे त्यांनी जाहीर केले नाही. गुप्त औषध वापरणे हे नव्या वैद्यकाच्या शिस्तीत बसणारे नव्हते. ज्या महाविद्यालयाने त्यांना घडविले, त्याच परंपरेतील डॉक्टरांनी याबद्दल त्यांना दोष दिला. औषधाचे नाव, मात्रा आणि परिणाम उघड नसतील, तर दुसरा डॉक्टर ते पडताळणार कसे? ज्ञानाच्या इतर सर्व क्षेत्रांत मोकळ्या हाताने देणाऱ्या या माणसाच्या आयुष्यातील हा एक विरोधाभास आहे. त्यांच्या पश्चात औषधीग्रंथांत हे तेल त्यांच्या उपचाराशी जोडून नोंदले गेले. विसाव्या शतकात याच जातकुळीतील चौलमुगरा तेलापासून टोचून देता येईल असे औषध तयार करण्यात आले. १९४० च्या दशकात सल्फोन औषधे येईपर्यंत कुष्ठरोगावर जगभर प्रामुख्याने याच तेलांचा आधार होता.

हा प्रश्न आजही जुना झालेला नाही. उतारवयात प्रोस्टेट ग्रंथी वाढून मूत्रमार्गावर दाब येतो, लघवीची धार मंदावते, रात्री वारंवार उठावे लागते. संकोचापोटी पुरुष डॉक्टरांकडे जात नाहीत आणि इंदूरच्या बाजारापासून म्हापशाच्या बाजारापर्यंत मिळणाऱ्या चूर्णांचा आश्रय घेतात. गोखरू, पुनर्नवा, वायवर्णा यांचा मूत्रविकारांवर वापर करण्याची आपली परंपरा जुनी आहे. मात्र, पुडीत काय आणि किती आहे हे सांगितलेच नसेल, तर परंपरेचाही आधार उरत नाही. प्रोस्टेटसाठी पाश्चात्त्य देशांत लोकप्रिय असलेल्या सॉ पाल्मेटो या वनस्पतीची अमेरिकेत २२५ पुरुषांवर वर्षभर चाचणी झाली. तिचा गुण निष्क्रिय गोळीपेक्षा अधिक नाही, हे २००६ मध्ये प्रसिद्ध झाले. औषध उघड होते, म्हणूनच ते पारखता आले. लघवी तुंबणे किंवा तीतून रक्त जाणे ही लक्षणे दिसली, तर चूर्णावर विसंबून न राहता तातडीने तपासणी करून घ्यायला हवी. प्रोस्टेटच्या कर्करोगाचीही लक्षणे अशीच असू शकतात.

भाऊ दाजी १८६९ आणि १८७१ असे दोनदा मुंबईचे शेरीफ झाले. बॉम्बे असोसिएशन, मुलींच्या शाळा, वस्तुसंग्रहालय अशा अनेक कामांत त्यांनी स्वतःला झिजविले. ३१ मे १८७४ रोजी, वयाच्या बावन्नाव्या वर्षी त्यांचे निधन झाले. भायखळ्याच्या संग्रहालयाला त्यांचे नाव १९७५ मध्ये देण्यात आले. कडू कवठाची झाडे मात्र सह्याद्रीच्या ओढ्याकाठी आजही आहेत, आणि त्यांच्या तेलाचा गुण आता कोणापासून लपलेला नाही.