विश्लेषण : पेशव्यांचा ‘डेटाबेस’ नाना फडणवीसांनी कसा सांभाळला?

सोलापुरातल्या चादरी-टॉवेलच्या व्यापाऱ्याचे ग्राहक, उधारी, मालसाठा हे सगळं आता संगणकात असतं. तो डेटा गेला की धंदा अडतो. हीच धास्ती अडीचशे वर्षांपूर्वी पुण्यात पेशव्यांच्या हुजूर दफ्तराला होती. ते दफ्तर शिस्तीत आणलं बाळाजी जनार्दन भानू, म्हणजेच नाना फडणवीस यांनी.

नाना मुळात काय काम करत?

12 फेब्रुवारी 1742 रोजी साताऱ्यात जन्मलेल्या नानांना फडणिशी घराण्यातूनच मिळाली. 1761 मध्ये पानिपतावरून ते कसेबसे जीव वाचवून परतले. पुढचे राजकारणी नाना सर्वांना ठाऊक आहेत. 1774 मध्ये पंढरपूरजवळ कासेगावला राघोबादादांशी लढताना त्र्यंबकराव पेठे जबर जखमी झाले आणि दगावले, त्या बारभाई मसलतीतले एक प्रमुख नानाच. पण फडणीस म्हणजे आधी हिशेबनीस.

कागद एकदा जळाले होते...

1763 मध्ये निजामाच्या फौजेनं पुणं लुटलं. पेशव्यांचे कागद सिंहगडाकडे हलवले होते; गडाखालचं गाव शत्रूनं पेटवलं आणि त्यात कित्येक सरकारी कागद खाक झाले. नाना तेव्हा 21 वर्षांचे होते. दुसरी प्रत नसेल तर काय होतं, हे साऱ्या पुण्यानं पाहिलं.

मग बदललं काय?

थोरल्या माधवरावांच्या काळात नानांनी दफ्तराची घडी बसवली. रोजचा जमाखर्च रोजकीर्दीत चढे. सगळ्या खात्यांचे हिशेब ‘एकबेरीज’ दफ्तरात येत, तिथे त्यांची खतावणी आणि ताळेबंद होई. हे दफ्तर कायम पुण्यातच राही, स्वारीबरोबर जात नसे. एकच रक्कम दोन ठिकाणी नोंदलेली असली की एका जागची खाडाखोड दुसऱ्या जागी उघडी पडते. आजच्या भाषेत लॉग आणि बॅकअप, दोन्ही आले. हुजूर दफ्तरात दोनशेहून अधिक कारकून राबत.

उणीव एकच, पण मोठी : सगळा धाक एका माणसाचा होता.

नानांनंतर काय झालं?

31 डिसेंबर 1797 रोजी दौलतराव शिंद्यांनी नानांना कैद करून नगरच्या किल्ल्यात ठेवलं. पुढे सुटका झाली, पण 13 मार्च 1800 रोजी पुण्यात त्यांचं निधन झालं. दुसऱ्या बाजीरावाच्या कारकिर्दीत दफ्तराचे कारकून जवळपास संपले आणि लोक कागद घरी नेऊ लागले. कुलूप तोडावं लागलं नाही, दारच उघडं होतं.

याच काळात गायकवाड आणि पेशवे यांच्यातले जुने हिशेबी दावे मिटवायला गंगाधरशास्त्री पटवर्धन पुण्याला आले. जुलै 1815 मध्ये पंढरपुरात त्यांचा खून झाला. वाद निव्वळ हिशेबाचा नव्हता, राजकारणही होतं. पण थकलेली खाती हेच त्याचं निमित्त होतं.

1818 मध्ये पेशवाई बुडाली आणि उरलेलं दफ्तर इंग्रजांच्या हाती गेलं. 1852 च्या कायद्यानंतर इनाम कमिशननं याच कागदांवरून दख्खनेतली इनामं पारखली. ज्या कुटुंबांना हक्काचा पुरावा दाखवता आला नाही, त्यांच्या जमिनींवर सरकारचा सारा बसला.