रविवारच्या पलीकडले लोखंडे

आज रविवार. चहाचा दुसरा कप हाताशी घेऊन तुम्ही ही पुरवणी उघडली असेल. अशी निवांत सकाळ गिरणी कामगाराच्याही वाट्याला यावी म्हणून खस्ता खाल्लेल्या नारायण मेघाजी लोखंडे यांचे नाव आपण रविवारच्या सुट्टीशी जोडतो. पण त्यांची आणखी एक मागणी होती, आणि मला तीच अधिक मोठी वाटते.

लोखंडे यांचा जन्म १८४८ सालचा. रेल्वे आणि टपाल खात्यात नोकरी करून ते मुंबईत मांडवीच्या कापड गिरणीत स्टोअरकीपर झाले. जोतीराव फुल्यांचे हे सत्यशोधक सहकारी १८८० पासून ‘दीनबंधु’ पत्रही चालवू लागले.

गिरण्यांत तेव्हा विजेचे दिवे नव्हते. उजेड असेल तोवर काम. म्हणजे उन्हाळ्यात तेरा-चौदा तास! कापसाची तूस नाकातोंडात जाई, दमट उकाड्यात जीव घुसमटे. थकल्या माणसाचा हात यंत्राच्या पट्ट्यात सापडायला कितीसा वेळ लागतो? १८८१ च्या कायद्याने लहान मुलांचे तास बांधले होते, थोरांचे नाही. हात गेला की रोजी गेली.

सप्टेंबर १८८४ मध्ये लोखंडे यांनी परळला कामगारांच्या सभा भरवल्या. सुमारे साडेपाच हजार सह्यांचा अर्ज सरकारच्या आयोगापुढे गेला. रविवारी सुट्टी, दुपारी अर्धा तास विश्रांती, साडेसहा ते सूर्यास्त एवढेच काम, वेळेवर पगार. आणि जखमी कामगाराला बरा होईतो पूर्ण पगार. जन्माचा पांगळा झाल्यास पोटाची तरतूद.

मी बँकेत होतो तेव्हा तिजोरीच्या दारात आमच्या शिपायाचे बोट चेंगरले. रजेचा अर्ज माझ्याच टेबलावर आला. पगारी रजा मंजूर करायला मला दोन मिनिटे लागली. नियम होता, म्हणून लागली दोनच मिनिटे.

मालकांनी दाद दिली नाही. लोखंडे थकले नाहीत. २४ एप्रिल १८९० रोजी महालक्ष्मीच्या मैदानावर दहा हजार कामगार जमले. दोन स्त्रियाही बोलल्या. त्या काळात हे केवढे धाडस! १० जूनला मालकांच्या संघाने रविवारची सुट्टी मान्य केली. पुढच्या वर्षीच्या कायद्यात दुपारची अर्ध्या तासाची विश्रांतीही आली.

जखमी हाताचे कलम मात्र तसेच राहिले.

१८९६ मध्ये मुंबईत प्लेग शिरला. ज्यांना शक्य होते ते शहर सोडून गेले. लोखंडे रुग्णांच्या सेवेत राहिले आणि त्याच प्लेगने ९ फेब्रुवारी १८९७ रोजी त्यांना नेले. कामावर जखमी होणाऱ्याला भरपाई देणारा कायदा देशात झाला १९२३ साली. परळचा अर्ज लिहून तेव्हा एकोणचाळीस वर्षे लोटली होती.