काँग्रेसची स्थापना करणाऱ्या ह्यूम साहेबांना गरुड-ससाण्यांचा नाद होता, त्याच नादातून जगाला रानपिंगळा कळला

भंडारा जिल्ह्यातलं आसगाव. धानाच्या बांध्यांवर एखादा मोठा पक्षी गिरक्या घालताना दिसला की बघणारा सरळ सांगतो, घार आहे. बहुतेक वेळा असतेही. पण शेपटीला मधे खाच नसेल तर थांबायचं. मान लांब आणि डोकं कबुतरासारखं बारीक असेल तर तो मधुबाज असू शकतो. त्याच्यासारखीच दिसते मोरघार, पण तिचे पाय पार बोटांपर्यंत पिसांनी झाकलेले असतात.

खरा घोळ पुढं आहे. शिक्र्याचं पिल्लू आणि मोठा शिक्रा एकसारखे दिसत नाहीत. पिल्लाच्या छातीवर तपकिरी उभे ठिपके असतात, तर मोठ्याच्या छातीवर तांबूस आडव्या रेषा. नराचा डोळा लाल, मादीचा पिवळसर, आणि मादी नरापेक्षा मोठी. म्हणजे एकाच जातीचे तीन पक्षी बघून माणूस तीन जाती मोजून मोकळा होतो. दीडशे वर्षांपूर्वी शिकलेले पक्षीतज्ज्ञही हेच करत होते.

हा गुंता सोडवायला ज्यांनी आयुष्याची वर्षं घातली, त्यातलं एक नाव सगळ्यांना पाठ आहे, पण भलत्याच कारणासाठी. ॲलन ऑक्टेव्हियन ह्यूम. शाळेच्या पुस्तकात ते 1885 आणि काँग्रेस एवढ्यापुरतेच येतात.

1829 साली जन्मलेले ह्यूम 1849 मध्ये नोकरीसाठी भारतात आले. उत्तरेतल्या इटावा जिल्ह्यात ते कलेक्टर होते. तिथं त्यांनी मोफत शाळा काढल्या आणि पक्षी गोळा करायला सुरुवात केली. 1857 च्या उठावात पहिला संग्रह गेला. त्यांनी शून्यातून पुन्हा चालू केलं.

1867 मध्ये त्यांना जकात खात्याचं आयुक्तपद मिळालं. मिठावरचा कर चुकवू नये म्हणून इंग्रजांनी देशाच्या मधोमध सुमारे 4,000 किलोमीटरची जकात रेषा आखली होती, बऱ्याच ठिकाणी तर चक्क काटेरी कुंपण लावून. तिची देखरेख म्हणजे सततची भटकंती. पक्ष्यांच्या नादी लागलेल्या माणसाला आणखी काय पाहिजे? 1869 मध्ये त्यांच्या पक्षीनोंदींच्या पुस्तकाचा पहिला भाग आला, तो फक्त शिकारी पक्ष्यांवर होता.

ह्यूम यांची पद्धत तशी साधी होती. एका जातीचा एक नमुना ठेवून भागत नाही. नर, मादी, पिल्लू, उन्हाळ्यातला, हिवाळ्यातला, वेगवेगळ्या मुलखातला, असे ढीगभर शेजारी मांडायचे. मगच फरक वयाचा आहे की जातीचा ते कळतं. 1872 च्या सुमारास त्यांनी 'स्ट्रे फेदर्स' हे नियतकालिक काढलं आणि देशभरातल्या हौशी लोकांना नोंदी पाठवायला लावलं. अर्थात तेव्हा दुर्बिणीनं नाही, बंदुकीनं पक्षी ओळखले जायचे. हजारो पक्षी त्यासाठी मारले गेले, हे विसरून चालत नाही.

भंडारा तेव्हा मध्य प्रांतात होता. याच प्रांताच्या पूर्वेला, फुलझर भागातल्या बसन्याजवळ फ्रान्सिस ब्लेविट यांनी 1872 च्या डिसेंबरमध्ये एक छोटं घुबड मारलं. भंडाऱ्यावरून रायपूरकडं जाणारा आजचा हायवे पुढं याच बसन्यातून जातो. घुबड दिसायला नेहमीच्या पिंगळ्यासारखं होतं. ह्यूम यांनी ते वेगळी जात म्हणून 1873 मध्ये जाहीर केलं आणि नाव ब्लेविट यांचं दिलं. तोच रानपिंगळा.

ह्यूम यांचा शेवट मात्र पक्ष्यांच्या बाबतीत वाईट झाला. सरकारवर टीका केली म्हणून 1879 मध्ये सचिवपद गेलं, 1882 मध्ये ते निवृत्त झाले. सिमल्याच्या बंगल्यात भारतीय पक्ष्यांवरच्या मोठ्या ग्रंथाची हस्तलिखितं तयार होत होती. ते बाहेरगावी असताना नोकरानं ती रद्दीच्या भावात विकली. त्यानंतर त्यांचं मनच उडालं. तोवर ते शाकाहारी झाले होते, पक्षी मारणंही सोडलं होतं. 1885 मध्ये कातडी, अंडी, घरटी मिळून सुमारे 82,000 नगांचा संग्रह त्यांनी लंडनच्या संग्रहालयाला देऊन टाकला. त्याच वर्षी डिसेंबरात मुंबईत काँग्रेसचं पहिलं अधिवेशन भरलं. 1912 मध्ये ह्यूम वारले.

रानपिंगळा 1884 नंतर गायबच झाला. जगभरच्या संग्रहालयांत मिळून त्याचे सातच नमुने होते. त्यातही रिचर्ड मायनर्त्झहागेन नावाच्या कर्नलनं एक चोरून, तो आपण 1914 मध्ये गुजरातेत मिळवला अशी थाप मारलेली. ही चोरी पामेला रासमुसेन यांनी पकडली. खोटी नोंद बाजूला काढून, खऱ्या नमुन्यांवरची ठिकाणं हातात घेऊन त्या बेन किंग आणि डेव्हिड ॲबट यांच्यासोबत शोधाला निघाल्या. नोव्हेंबर 1997 मध्ये शहाद्याजवळच्या रानात त्यांना तो जिवंत दिसला. पुढं मेळघाटातही सापडला.

ओळखायचा कसा? आकार पिंगळ्याएवढाच. पण डोक्यावर ठिपके जवळपास नाहीत, चोच दणकट, पायांवर पांढरी पिसं, आणि गडी भर दिवसा उघड्या फांदीवर बसलेला असतो.