वाटाण्याचा हिशेब आणि बदनापूरची तूर

मार्गशीर्षात मराठवाड्यातील तूर शेंगांवर येते आणि नेमक्या त्याच सुमारास काही शेतांतून उभी झाडे वाळू लागतात. जमिनीत ओल असते, अळीचाही विशेष उपद्रव नसतो. तरी पाने पिवळी पडून झाड मान टाकते. असे झाड उपटून त्याचे खोड उभे चिरले, तर सालीखाली काळपट तपकिरी रेषा आढळतात. हा मर रोग होय. त्याची बुरशी मागील हंगामाच्या धसकटांच्या आश्रयाने जमिनीत वर्षानुवर्षे तग धरून राहते, त्यामुळे फवारणीचा येथे उपयोग नाही. दुसरा वांझ रोग याहून फसवा. त्यात झाड हिरवेगार आणि भरगच्च दिसते. मात्र त्याला फूल धरत नाही. डोळ्यांना न दिसणारा एक सूक्ष्म कोळी या रोगाचे विषाणू पानोपानी नेतो. कपाशीच्या काही तासांनंतर तुरीचा एक तास पेरून वर्षाच्या डाळीची आणि चार पैशांची सोय करणाऱ्या कोरडवाहू शेतकऱ्याला यावर एकच उपाय परवडण्याजोगा आहे. तो म्हणजे रोगाला दाद न देणारे बियाणे. जालना जिल्ह्यातील बदनापूर येथील कृषी संशोधन केंद्रात गेली अनेक दशके कडधान्यांचे असे वाण सिद्ध करण्याचे काम चालले आहे. या कामाची मूळ रीत ज्याने घालून दिली, तो शिक्षकाच्या परीक्षेला दोनदा बसूनही उत्तीर्ण न झालेला एक मठवासी होता.

योहान मेंडेल याचा जन्म १८२२ च्या जुलै महिन्यात, त्या वेळच्या ऑस्ट्रियन साम्राज्यातील आणि आजच्या चेक प्रजासत्ताकातील हाइन्त्सेनडॉर्फ या खेड्यात झाला. बाप अँटन शेतकरी होता. पण आठवड्यातील तीन दिवस त्याला जमीनदाराच्या शेतावर वेठीला राबावे लागे. गावचा धर्मगुरू फळझाडांच्या कलमांचा शौकीन असल्यामुळे कलम बांधणे, फांदी निवडणे ही कामे मुलाने लहानपणीच पाहिली. १८३८ साली लाकडाचा ओंडका अंगावर पडून बाप जायबंदी झाला आणि घरून येणारी मदत आटली. शिकवण्या करून, अर्धपोटी राहून मुलगा शिकत राहिला. तरीही शिक्षण थांबण्याची वेळ आली, तेव्हा धाकट्या बहिणीने, तेरेझियाने, आपल्या हुंड्यासाठी राखलेल्या रकमेतील वाटा त्याला दिला. पुढे तिच्या तिन्ही मुलांच्या शिक्षणाचा भार उचलून त्याने हे ऋण फेडले.

१८४३ साली तो ब्रुन, म्हणजे आजच्या ब्र्नो, शहरातील ऑगस्टिनियन पंथाच्या मठात दाखल झाला आणि ग्रेगोर हे नाव त्याला मिळाले. पोटाची भ्रांत मिटावी हाही त्यामागील एक हेतू होता, आणि त्यात लपविण्यासारखे काही नाही. मठ विद्याव्यासंगी होता. मठाधिपती नाप यांना लोकरीच्या मेंढ्यांच्या आणि फळझाडांच्या पैदाशीत रस होता, कारण ब्रुन हे लोकरी कापडाच्या गिरण्यांचे शहर होते. रुग्णांच्या सेवेस पाठविल्यावर त्यांच्या यातना पाहून मेंडेल स्वतःच आजारी पडे. म्हणून त्याला अध्यापनाकडे वळविण्यात आले. १८५० साली तो शिक्षकाच्या पात्रता परीक्षेत नापास झाला. मग मठाने त्याला १८५१ ते १८५३ या काळात व्हिएन्ना विद्यापीठात पाठविले. तेथे डॉप्लरसारख्या पदार्थवैज्ञानिकापाशी आणि उंगर या वनस्पतिशास्त्रज्ञापाशी तो शिकला. वनस्पतींच्या प्रश्नाला गणिताने भिडण्याची दृष्टी त्याला येथे मिळाली असावी. १८५६ साली दुसऱ्यांदा दिलेली परीक्षाही आजारपणामुळे अर्धवट सुटली. परिणामी चौदा वर्षे तो बदली शिक्षक म्हणूनच राहिला. कायम नेमणुकीची वाट पाहत वर्षे काढणाऱ्या आपल्याकडील शिक्षकांना या तपशिलाचे महत्त्व वेगळे सांगावयास नको.

शाळेतून परतल्यावर तो मठाच्या भिंतीलगतच्या, सुमारे पस्तीस मीटर लांब आणि सात मीटर रुंद अशा पट्टीत वाटाणे लावी. पहिली दोन वर्षे बियाणे विक्रेत्यांकडील ३४ वाण केवळ शुद्धतेसाठी तपासण्यात गेली. त्यांतून २२ ठेवले. संकर करताना कळी उमलण्यापूर्वी चिमट्याने तिचे पुंकेसर काढून टाकायचे, दुसऱ्या झाडाचे पराग कुक्षीवर लावायचे आणि कीटक येऊ नयेत म्हणून फूल झाकायचे, असा क्रम असे. सुमारे आठ वर्षांत त्याने २८,००० च्या आसपास झाडे हाताळली. गोल आणि सुरकुतलेल्या दाण्यांच्या संकरापासून पहिल्या पिढीत सगळे दाणे गोलच निघाले. दुसऱ्या पिढीत मात्र सुरकुतलेले दाणे परत आले. त्याने एकूण ७,३२४ दाणे मोजले. त्यांत ५,४७४ गोल आणि १,८५० सुरकुतलेले, म्हणजे जवळजवळ तीनास एक, असे भरले. एका पिढीत दडलेला गुण नष्ट होत नाही, तो अखंड राहून पुढील पिढीत प्रकटतो, हा त्याचा निष्कर्ष होता. त्याचे आकडे संशयास्पद वाटावेत इतके चोख आहेत, असा आक्षेप फिशर या संख्याशास्त्रज्ञाने १९३६ साली घेतला. त्यावर वाद पुष्कळ झाला, पण नियमाला धक्का लागला नाही.

पाठ्यपुस्तके बहुधा येथेच थांबतात. वस्तुतः मेंडेलने वाटाण्याखेरीज घेवड्याचेही संकर केले होते, आणि पीक सुधारणेच्या दृष्टीने तो भाग अधिक मोलाचा आहे. घेवड्याच्या दोन जवळच्या प्रकारांचा संकर वाटाण्यासारखाच वागला. पण पांढऱ्या फुलांच्या बुटक्या घेवड्याचा लाल फुलांच्या वेलघेवड्याशी संकर करताच हिशेब विसकटला. दुसऱ्या पिढीत जांभळट लालपासून फिक्या जांभळ्यापर्यंत नाना छटा निघाल्या, आणि फुलांवर आलेल्या ३१ झाडांपैकी शुद्ध पांढऱ्या फुलांचे झाड एकच निघाले. तीनास एक हे प्रमाण येथे कोठेच बसेना. तथापि त्याने ते झाड दडवून ठेवले नाही. फुलाचा रंग एका घटकाऐवजी दोन किंवा अधिक स्वतंत्र घटकांनी ठरत असला, तर पांढरे झाड असेच विरळा निघेल, असे त्याने गणिताने दाखविले. पिकाचे उत्पन्न हा गुण नेमका याच जातीचा आहे. शेंगांची संख्या, दाण्याचे वजन, पक्वतेचा काळ असे अनेक घटक त्यात एकत्र येतात. म्हणून उत्पन्नाची पैदास रंगाच्या पैदाशीहून कितीतरी अवघड असते.

१८६५ च्या फेब्रुवारी आणि मार्च महिन्यांत त्याने हे काम ब्रुनच्या निसर्गविज्ञान मंडळापुढे दोन सभांत वाचले. १८६६ साली निबंध छापून आला आणि त्याच्या चाळीस प्रती त्याने मागवून घेतल्या. म्युनिकच्या नेगेली या ख्यातनाम वनस्पतिशास्त्रज्ञाशी त्याने पत्रव्यवहार केला. नेगेलीला निबंधाचे मर्म उमगले नाही आणि तो स्वतः ज्या वनस्पतीवर काम करीत होता, त्या हॉकवीडच्या प्रयोगांत मेंडेल गुंतला. या वनस्पतीत बी बहुधा परागाशिवायच धरते, हे तेव्हा कोणासही ठाऊक नव्हते. त्यामुळे वर्षानुवर्षांच्या श्रमातून त्याच्याच नियमाला प्रतिकूल असे निष्कर्ष हाती आले, आणि बारीक फुले हाताळून डोळे तेवढे शिणले.

१८६८ साली तो मठाधिपती झाला. १८७४ च्या कायद्याने मठांवर बसविलेला कर अन्याय्य आहे, असे ठरवून त्याने तो अखेरपर्यंत भरला नाही. आयुष्याचा उत्तरार्ध सरकारशी कागदी लढाईत गेला. ६ जानेवारी १८८४ रोजी मूत्रपिंडाच्या विकाराने त्याचे निधन झाले आणि त्यानंतर त्याची टिपणे जाळण्यात आली. १९०० साली द व्हरीज, कोरेन्स आणि चेरमाक या तिघांनी आपापल्या प्रयोगांच्या संदर्भात तो जुना निबंध उजेडात आणला.

पुढील पावले झपाट्याने पडली. डेन्मार्कच्या योहान्सेनने १९०३ साली घेवड्याचे दाणे तोलून दाखविले, की एकाच शुद्ध कुळातील मोठा दाणा पेरला काय आणि लहान पेरला काय, संततीचे सरासरी वजन सारखेच भरते. सुधारणेला वाव असतो तो भिन्न कुळांतून निवड करण्यात. ठोकळ दाणे चाळून बियाण्यास ठेवल्याने मिश्र बियाण्यात थोडी निवड साधेल, शुद्ध वाणात काही साधणार नाही, असा याचा व्यावहारिक अर्थ होय. केंब्रिजच्या बिफेनने १९०५ साली गव्हातील तांबेऱ्याचा प्रतिकार मेंडेलच्या नियमानेच वारशाने येतो, हे सिद्ध केले. याच काळात बिहारमधील पुसा येथे एडविन बटलर तुरीच्या मर रोगाचा अभ्यास करीत होता. १९१० साली त्याने त्या बुरशीचे नामकरण केले.

बदनापूरचे काम या धाग्यांनी विणलेले आहे. तुरीचे पराग कळीतच फुटतात, म्हणून येथेही उमलण्यापूर्वी कळी उघडावी लागते. वाटाण्याहून अडचण एक जास्त आहे. तुरीवर मधमाश्यांची वर्दळ असते आणि शेजारच्या झाडाचे पराग सहज मिसळतात. त्यामुळे निवडलेली झाडे कापडी पिशव्यांनी झाकल्यावाचून वाण शुद्ध राहत नाही. मर रोगाची पारख करण्यासाठी तूर पैदासकार मुद्दाम बुरशीने भरलेल्या जमिनीत पेरणी करतात. मध्ये हमखास मरणाऱ्या वाणाच्या ओळी घालतात आणि जगलेली झाडे मोजतात. वांझ रोगासाठी तर कचेरीतील स्टेपलर उपयोगी पडतो. कोळ्याने भरलेले रोगट पान कोवळ्या रोपाच्या पानाला टाचले जाते, कोळी निरोगी पानावर सरकतो आणि रोपाची परीक्षा होते. मर रोगाचा प्रतिकार कोठे एका घटकाने, कोठे दोन घटकांनी येतो; संकरासाठी घेतलेल्या जनकांनुसार प्रमाण बदलते. घेवड्याच्या त्या एकाकी पांढऱ्या झाडाची आठवण येथे झाल्यावाचून राहत नाही.

बीडीएन २ हा पांढऱ्या दाण्याचा जुना वाण येथलाच. त्यानंतर आलेला लाल दाण्याचा बीएसएमआर ७३६ आणि पांढऱ्या दाण्याचा बीएसएमआर ८५३, म्हणजेच वैशाली, हे दोन्ही मर आणि वांझ या रोगांना तोंड देणारे ठरले. अलीकडचा बीडीएन ७११ लवकर तयार होतो. पाऊस आखडता झाला आणि जमिनीतील ओल लवकर सरली, तर शेंग भरेपर्यंत तग धरण्याची त्याची शक्यता अधिक. हलक्या जमिनीच्या शेतकऱ्याला हे रोगप्रतिकाराइतकेच महत्त्वाचे वाटते. तरीही बुरशी स्वस्थ बसत नाही. तिचे निरनिराळे प्रकार निरनिराळ्या भागांत आढळतात, आणि एका ठिकाणी टिकणारा वाण दुसरीकडे बळी पडू शकतो. म्हणून रोगट जमिनीतील ती पेरणी दर पावसाळ्यात नव्याने करावी लागते आणि मार्गशीर्षात झाडे पुन्हा मोजावी लागतात.