हाफकिनसाहेब आणि पटकीचा जंतु

मुंबईस परळ येथें जाऊन आलेल्या वाचकांनीं हाफकिन इन्स्टिट्यूटचें नांव ऐकलें असेल. पण तें नांव ज्या पुरुषाचें, त्याची हकीकत आपल्या नांदेड-लातूरकडील खेड्यांत फारशी कोणास ठाऊक नाहीं. ज्या मुलखांत पूर्वी पटकीनें घरेंच्या घरें ओस पडत, आणि मरीआईचा गाडा शिवेपलीकडे लोटून देणें हाच पुष्कळांस उपाय वाटे, तेथील मंडळींनीं ती अवश्य वाचावी, म्हणून आम्ही ती येथें देत आहों.

वाल्डेमार हाफकिन यांचा जन्म १८६० सालीं ओडेसा शहरीं एका यहूदी कुटुंबांत झाला. तें शहर त्या काळीं रशियाच्या बादशहाच्या अमलाखालीं होतें. मेचनिकॉफ या नामांकित शास्त्रज्ञाच्या हाताखालीं त्यांनीं प्राणिशास्त्राचें अध्ययन केलें. अध्यापक होण्याची योग्यता त्यांच्या अंगीं होती. परंतु त्यासाठीं रशियन मंडळींत सामील व्हावें अशी अट पडली, व ती त्यांनीं नाकारली. नोकरीच्या मोबदल्यांत मागितलेला बाप्तिस्मा न घेणाऱ्यास आम्ही दोष देत नाहीं. दोष अट घालणाऱ्यांचा होय. पुढें १८८९ च्या सुमारास ते पॅरिसला पाश्चर इन्स्टिट्यूटमध्यें आले. जागा मिळाली ती ग्रंथालयांतील मदतनिसाची. फावल्या वेळीं ते प्रयोग करीत.

पटकीचा स्वल्पविरामासारखा वांकडा जंतु कॉख या जर्मन वैद्यानें १८८३-८४ सालीं मिसर देशांत व कलकत्त्यास शोधून काढला होता. दूषित पाण्यावाटे व अन्नावाटे तो पोटांत जातो हेंही कळूं लागलें होतें. अडचण निराळीच होती. ही व्याधि माणसाची. प्राण्यांस जंतु चारले तरी त्यांस पटकी होईना. मग तिची परीक्षा करावी कशी? हाफकिननीं गिनीपिग नांवाचे लहान प्राणी घेतले व जंतु त्यांच्या तोंडांत न घालतां पोटाच्या पोकळींत टोंचले. प्राणी मेला म्हणजे त्याच्या पोटांतील द्रव कांहीं तास हवेंत ठेवून दुसऱ्यास टोंचावयाचा, दुसऱ्याचा तिसऱ्यास. असा क्रम एकोणचाळीस प्राण्यांपर्यंत चालला. जंतूची मारकशक्ति पुष्कळ पटींनीं वाढून एका ठराविक मर्यादेस येऊन स्थिर झाली. उलट, ३९ अंश उष्णतेंत हवा खेळवून वाढविलेला जंतु दुबळा होतो असें दिसून आलें. आधीं दुबळा जंतु टोंचावा, मागाहून जोरदार, म्हणजे प्राणी जगतो. ही त्यांची लस. कित्येक मुक्या जिवांच्या प्राणांवर ती उभी आहे, हें विसरणें बरें नव्हे.

परंतु गिनीपिग वांचला म्हणून माणूस वांचेल कशावरून? १८ जुलै १८९२ रोजीं हाफकिननीं ती लस स्वतःसच टोंचून घेतली. ताप आला, कूस दुखली, व कांहीं दिवसांत ते बरे झाले. नंतर, १८९३ सालीं, ते हिंदुस्थानांत आले. कलकत्त्याच्या एका बस्तींत पटकी सुरू झाली असतां सुमारें दोनशें रहिवाशांपैकीं ११६ जणांनीं लस घेतली. त्यानंतर तेथें जे दगावले ते न टोंचलेल्यांपैकींच होते. दोन-अडीच वर्षांत चाळीस हजारांहून अधिक लोकांस लस टोंचण्यांत आली. तिचें रक्षण फार काळ टिकत नसे, हेंही खरें.

१८९६ सालीं मुंबईस प्लेग आला व सरकारनें त्यांस बोलाविलें. ग्रँट मेडिकल कॉलेजांत एक लहान जागा, एक कारकून व तीन पट्टेवाले एवढ्या सामग्रीवर त्यांनीं तीन महिन्यांत प्लेगाची लस सिद्ध केली. सशांवर पाहून झाल्यावर १० जानेवारी १८९७ रोजीं पुनः स्वतःच्याच शरीरावर! परळची प्रयोगशाळा १८९९ ची.

मग घाला आला. १९०२ सालीं पंजाबांतील मुलकोवाल गांवीं एका बाटलींतील लस टोंचलेलीं एकोणीस माणसें धनुर्वातानें मेलीं. ठपका हाफकिनवर ठेवून त्यांस कामावरून दूर करण्यांत आलें. बाटली उघडतांना मदतनिसाच्या हातून चिमटा जमिनीवर पडला होता व तोच पुनः वापरला गेला, हें मागाहून उघड झालें. शिवाय त्याच दिवशीं इतर बाटल्यांतील लस घेतलेले सुखरूप होते. तरी रोनाल्ड रॉस यांच्यासारख्या शास्त्रज्ञांस वर्तमानपत्रांतून भांडावें लागलें, तेव्हां १९०७ सालीं हाफकिन दोषमुक्त झाले. न्याय मिळाला खरा, पण पूर्वीचें स्थान मिळालें नाहीं. १९१५ सालीं त्यांनीं हा देश सोडला. १९२५ सालीं परळच्या संस्थेस त्यांचें नांव देण्यांत आलें, आणि २६ ऑक्टोबर १९३० रोजीं स्वित्झर्लंडांतील लोझान शहरीं ते वारले.

एक कोडें त्यांच्याकडून सुटलें नव्हतें. पोटाच्या पोकळींत जंतु टोंचून मेलेल्या गिनीपिगास जुलाब होत नसत. मग तो मेला तो पटकीनें कसा म्हणावा? त्यांच्याच नांवाच्या संस्थेंत १९५५ सालीं दत्त व हब्बू यांनीं सशाच्या तान्ह्या पिल्लांच्या आंतड्यांत जंतु सोडले, तेव्हां पिल्लांस माणसासारखेच पाण्यासारखे जुलाब झाले. कलकत्त्यास शंभूनाथ डे यांनीं मोठ्या सशाच्या आंतड्याचा तुकडा दोन्हीं टोंकांस बांधून त्यांत जंतु घातले, तो पाण्यानें फुगला. १९५९ सालीं या दोन्हीं शहरांतून एकच उत्तर आलें: जिवंत जंतु वगळून नुसता त्याचा अर्क दिला तरी परिणाम तोच. जंतु आंतड्यांत विष सोडतो, व त्या विषानें शरीरांतील पाणी व क्षार वाहून जातात. रोगी मरतो तो त्यामुळें. म्हणूनच आज आपल्या गांवचा आरोग्यसेवक जुलाब लागलेल्या पोरास प्रथम साखर-मिठाचें पाणी पाजतो.