विश्लेषण : दोन मागांचे तीन झाले आणि ना. म. जोशींची संघटना मागे का पडली?

लोअर परळचा डिलाइल रोड आज ना. म. जोशी मार्ग आहे. बीडीडी चाळींच्या पुनर्विकासामुळे हे नाव सतत बातम्यांत असते. नावामागचा माणूस मात्र विस्मरणात गेला आहे. कामगार संघटनेला कायद्याचे संरक्षण मिळवून देण्यात जोशींचा वाटा मोठा होता. पण गिरणीतले काम बदलले, तेव्हा त्यांचीच संघटना दोन-अडीच वर्षांत मागे पडली.

कोण होते ना. म. जोशी?

नारायण मल्हार जोशी यांचा जन्म ५ जून १८७९ रोजी तेव्हाच्या कुलाबा, म्हणजे आताच्या रायगड जिल्ह्यातील गोरेगावचा. ‘रागिणी’कार वामन मल्हार हे त्यांचे धाकटे बंधू. काही वर्षे शिक्षकी केल्यावर १९०९ मध्ये ते गोपाळ कृष्ण गोखल्यांच्या भारत सेवक समाजात दाखल झाले. १९११ मध्ये त्यांनी मुंबईत सोशल सर्व्हिस लीग उभी केली. गिरणगावात रात्रशाळा, वाचनालये, दवाखाने असे तिचे काम. १९२० मध्ये आयटक स्थापन झाली, तिच्या संस्थापकांत जोशी होते. पुढे मध्यवर्ती कायदेमंडळात ते कामगारांचे प्रतिनिधी होते, पण सरकारनियुक्त. विरोधकांना हे आयते हत्यार मिळाले.

१९२६ चा कायदा कशासाठी?

मद्रासच्या बकिंगहॅम अँड कर्नाटिक गिरणीच्या मालकांनी कामगार नेते बी. पी. वाडिया आणि सहकाऱ्यांविरुद्ध उच्च न्यायालयातून मनाई हुकूम मिळवला. म्हणजे संप करा म्हणणाऱ्यावर नुकसानभरपाईचा दावा ठोकता येत होता. मार्च १९२१ मध्ये जोशींनी संघटनांची नोंदणी आणि संरक्षण यासाठी कायद्याची मागणी करणारा ठराव मांडला. कायदा व्हायला पाच वर्षे गेली. सात जणांना संघटना नोंदवता येऊ लागली. फौजदारी कटाच्या आरोपापासून आणि संपाबद्दलच्या दिवाणी दाव्यांपासून नोंदणीकृत संघटनेला संरक्षण मिळाले. निम्मे पदाधिकारी बाहेरचे असले तरी चालेल, ही तरतूद वरवर किरकोळ वाटते. पण गिरणीत घेणे-काढणे जॉबरच्या हाती होते. तिथे कामगारच पुढारी झाला, तर त्याची नोकरी किती दिवस टिकणार?

तीन मागांचा वाद काय होता?

१९२५ मध्ये मालकांनी मजुरीत साडेअकरा टक्के कपात केली. मोठा संप झाला. डिसेंबरात सरकारने कापडावरची जकात स्थगित केली आणि कपात मागे घेतली गेली. त्या संपातून जानेवारी १९२६ मध्ये बॉम्बे टेक्स्टाइल लेबर युनियन उभी राहिली, अध्यक्ष जोशी. नियमित वर्गणी, नीट हिशेब, मालकांशी पत्रव्यवहार, वाटाघाटी असा तिचा शिस्तशीर कारभार.

मग कामच बदलले. मुंबईचा विणकर दोन माग सांभाळायचा. ससून समूहाच्या गिरण्यांत त्याच्यावर तीन माग सोपवले जाऊ लागले; सूतखात्यातही एकाऐवजी दोन बाजू. कामावर राहणाऱ्याला मजुरी थोडी जास्त, हे खरे. पण साठ मागांना पूर्वी तीस विणकर लागत, आता वीस पुरणार. उरलेल्या दहांनी कुठे जायचे? त्यात सूत हलके असले की धागा सारखा तुटतो, मग तिसरा माग सांभाळणार कोण, ही तक्रारही होतीच.

कपात एकदम सगळ्यांची होते, म्हणून तिच्यावर वाटाघाटी करता येतात. कामाचा बोजा मात्र एका खात्यात, एका पाळीत वाढतो. तो कळायला खात्यात माणूस लागतो. जोशींची संघटना सार्वत्रिक संपाला सुरुवातीला अनुकूल नव्हती. एप्रिल १९२८ मध्ये संप पसरला आणि सुमारे दीड लाख कामगार बाहेर पडले. मे महिन्यात गिरणी कामगार युनियन, म्हणजे लाल बावटा, उभी राहिली. अध्यक्ष अर्जुन आळवे स्वतः गिरणीतले. सोबत डांगे, निंबकर, मिरजकर. तिने गिरणीगणिक समित्या बांधल्या. जोशी संयुक्त संप समितीत आले, पण तोवर पुढाकार हातून गेला होता. संप ऑक्टोबरात फॉसेट समितीच्या नेमणुकीवर मिटला. वर्षअखेर लाल बावट्याचे सभासद ५० हजारांवर होते.

नागपूरला फूट का पडली?

१९२९ मध्ये सरकारने व्हिटली आयोग नेमला. जोशी त्याचे सदस्य. नागपूरच्या आयटक अधिवेशनात आयोगावर बहिष्काराचा ठराव झाला आणि जोशी सहकाऱ्यांसह बाहेर पडले. त्यांनी स्वतंत्र फेडरेशन काढले. दहा-अकरा वर्षांनी एकी झाली, तेव्हा सरचिटणीसपद पुन्हा त्यांच्याकडेच आले. टोकाच्या भांडणातही दोन्ही बाजूंना त्यांच्या सचोटीबद्दल शंका नव्हती, एवढे त्यावरून नक्की दिसते. १९४८ पर्यंत ते त्या पदावर होते. ३० मे १९५५ रोजी त्यांचे निधन झाले.

त्या कायद्याचे पुढे काय?

२०२० च्या औद्योगिक संबंध संहितेत १९२६ चा कायदा सामावून घेतला आहे. एकाच आस्थापनेत अनेक संघटना असतील, तर हजेरीपटावरचे ५१ टक्के कामगार पाठीशी असलेली संघटना वाटाघाटी करेल, असे ती म्हणते. अ‍ॅपवरून घरपोच सेवा देणारे मात्र कोणाच्याच हजेरीपटावर नसतात. गिग कामगाराची व्याख्या सामाजिक सुरक्षा संहितेत आहे, औद्योगिक संबंध संहितेत नाही.